धूर कुणाचा, पंगत कुणाची?

अटलांटात राहणाऱ्या भाच्याचा परवा व्हिडिओ कॉल आला. इथे पहाटेचे साडेपाच वाजले होते, अम्मी चहा ठेवत होती. तिकडे रात्रीचे आठ. त्याने फोन अंगणात ठेवलेल्या एका काळ्या लोखंडी पेटीकडे वळवला. झाकण उघडले, धुराचा लोट बाहेर पडला आणि आत जाळीवर कोंबडीच्या दहा-बारा टंगड्या तांबूस-तपकिरी होऊन ओळीने पडलेल्या दिसल्या.

“मामू, ऑफिसातून आलो, मीठ-मिरपूड चोळली, बटण दाबलं. दीड तासात जेवण तयार. रोजच्या रात्री याहून सोपं काही नाही.”

अम्मीने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिले आणि विचारले, “धुंगार दिलाय का?”

तो हसला. “नानी, धुंगार नाही. हे अमेरिकन बार्बेक्यू आहे.”

आमच्या घरी धुंगार म्हणजे शेवटचे काम. सालन किंवा कबाब शिजले की पातेल्यात मधोमध एक वाटी ठेवायची, तिच्यात पेटता निखारा, निखाऱ्यावर चमचाभर तूप, आणि लगेच झाकण. पाच मिनिटांत धुराचा वास पदार्थात उतरतो. यात अन्न आधी शिजते, धूर नंतर येतो. भाच्याच्या पेटीत मात्र धूर आणि मंद आच दोन्ही मिळून मांस शिजवतात. फरक एवढाच. पण ‘हे अमेरिकन आहे’ हे त्याचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अमेरिकन म्हणजे नेमके कुणाचे? तो राहतो त्या दक्षिणेकडच्या प्रदेशात या धुराचा इतिहास चारशे वर्षांचा आहे, आणि त्यात आग राखणारे हात एकाचे, जेवायला बसणारे दुसरेच, असे पिढ्यानपिढ्या चालले.

शब्द बेटांवरचा, कोंबडी जहाजातली

‘बार्बेक्यू’ हा शब्द इंग्रजांचा नाही. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी तायनो लोक काठ्यांचा उंच माचा बांधायचे, त्यावर मासे आणि शिकार ठेवायचे आणि खाली मंद आग करायचे. स्पॅनिश लोकांनी या माच्याचे नाव ‘बार्बाकोआ’ असे लिहून घेतले. गोन्सालो फर्नांदेझ दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराच्या १५२६ च्या ग्रंथात तो शब्द सापडतो. ब्राझीलकडच्या तुपी लोकांकडे अशाच माच्याला वेगळा शब्द होता. तो फ्रेंचांच्या तोंडी ‘बुकाँ’ झाला. हिस्पानिओला बेटावर रानडुकरे आणि गुरे मारून त्यांचे मांस बुकाँवर धुरवणाऱ्या शिकाऱ्यांना ‘बुकानिए’ म्हणू लागले. पुढे हेच लोक स्पॅनिश जहाजे लुटू लागले आणि इंग्रजीत समुद्री लुटारूंना ‘बकनीअर’ हे नाव मिळाले. म्हणजे चाच्यांचे एक नाव मांस धुरवण्याच्या माच्यावरून आले आहे.

कोंबडी मात्र या बेटांवर नव्हती. कोलंबस १४९३ साली दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्या जहाजांत घोडे, डुकरे, गुरे यांच्याबरोबर कोंबड्याही होत्या. माचा तायनोंचा, जनावरे युरोपातली. तायनोंची संख्या मात्र रोगराई आणि सक्तीच्या मजुरीने काही दशकांतच कोसळली. त्यांच्या जागी आफ्रिकेतून माणसे पकडून आणली गेली. धुराची विद्या या नव्या हातांत आली आणि त्यांनी तिच्यात आपले मसाले, आपली रीत मिसळली.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना जमैकात दिसतो. गुलामीतून पळून डोंगरात राहणाऱ्या ‘मरून’ लोकांनी इंग्रज फौजेशी अनेक वर्षे लढा दिला आणि १७३९ साली इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. रानडुकराचे मांस मिरची-मसाला लावून, ऑलस्पाइसच्या लाकडावर धुरवायची त्यांची पद्धत आज ‘जर्क’ म्हणून ओळखली जाते. जमैकाच्या रस्त्यांवर आता तेलाचे पिंप उभे कापून केलेल्या भट्टीत जर्क चिकन विकतात.

खड्ड्यापाशी रात्रभर

उत्तर अमेरिकेच्या व्हर्जिनिया वसाहतीत अठराव्या शतकात बार्बेक्यू हा जमीनदारांचा आवडता समारंभ होता. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत १७६९ साली अलेक्झांड्रिया गावी बार्बेक्यूला गेल्याची नोंद आहे. निवडणुकीच्या सभा, स्वातंत्र्यदिन, पिकांचा हंगाम, प्रत्येक निमित्ताने शेकडो माणसांचे जेवण व्हायचे. जमिनीत लांब चर खणायचा, त्यात हिकरी किंवा ओक लाकूड जाळून निखारे करायचे, वर काठ्या आडव्या टाकून अख्खे डुक्कर किंवा बैल ठेवायचा. हे बारा-बारा तासांचे काम. चर खणणारे, लाकूड फोडणारे, रात्रभर निखारे सारणारे आणि मांस उलटणारे बहुतेक सगळे गुलाम कृष्णवर्णीय होते.

१९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या लेखन प्रकल्पाने गुलामीतून सुटलेल्या वृद्धांच्या आठवणी नोंदवून घेतल्या. साउथ कॅरोलिनातील वेस्ली जोन्स यांनी त्यात आपले बार्बेक्यूचे दिवस सांगितले आहेत. आदल्या रात्री ते जागे राहायचे आणि काठीला मऊ चिंधी गुंडाळून मांसावर सतत मसाल्याचे पाणी लावत राहायचे. त्या पाण्यात काय असे? व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, थोडा सेज, धणे, बेसिल, कांदा, लसूण. धणे आणि लसूण वाचून मी थबकलो होतो. ही यादी आपल्या कुठल्याही भटारखान्यात ओळखीची वाटेल.

याच आगीभोवती दुसरेही काही शिजत होते. मालकांच्या नजरेआड गुलामांना एकत्र जमायची संधी अशा जेवणांतच मिळे. १८०० साली व्हर्जिनियात गॅब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने उठावाची आखणी केली. त्यासाठी माणसे जोडण्याचे काम प्रार्थनासभांमध्ये आणि अशाच बार्बेक्यूंमध्ये चालले होते. उठाव फुटला, गॅब्रिएल फासावर गेला. २१ ऑगस्ट १८३१ च्या रविवारी नॅट टर्नरचे साथीदार साउदॅम्प्टन परगण्यातल्या रानात जमले, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने डुक्कर आणले होते आणि एकाने ब्रँडी. त्या जेवणातच शेवटचा बेत ठरला आणि रात्री उठाव सुरू झाला. त्यानंतर व्हर्जिनियाने कृष्णवर्णीयांच्या सभांवर आणि शिक्षणावर आणखी कडक कायदे लादले. चार गुलाम एकत्र जेवतात याचीही सत्तेला भीती वाटावी, यातच सारे आले.

कायद्यातून सुटलेली कोंबडी

या मोठ्या समारंभांत कोंबडीला फारसे स्थान नव्हते. ती गुलामांच्या झोपडीमागे होती आणि त्यामागे एक कायदा आहे. १६९२ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने गुलामांना घोडे, गुरे आणि डुकरे बाळगायला मनाई केली. कोंबडी त्या यादीत नव्हती. क्षुल्लक समजून सोडून दिलेला हा पक्षी गुलामांच्या हाती आलेली जवळपास एकमेव मालमत्ता ठरला. थॉमस जेफरसनच्या मॉन्टिसेलो मळ्यावर त्याची नात अ‍ॅन कॅरी रँडॉल्फ हिने १८०५ ते १८०८ दरम्यान लिहिलेला घरखर्चाचा हिशेब उपलब्ध आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या माणसाचे कुटुंब आपल्याच गुलामांकडून अंडी आणि कोंबड्या पैसे देऊन विकत घेत होते, हे त्यात पानोपानी दिसते.

यादवी युद्धानंतर गुलामी संपली, पण हातात जमीन नव्हती की भांडवल. व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्थानकावर गाडी थांबली की कृष्णवर्णीय स्त्रिया डोक्यावर ताटे घेऊन डब्यांच्या खिडक्यांशी यायच्या. ताटात तळलेल्या कोंबडीच्या टंगड्या आणि पंख, सोबत बिस्किटे, कॉफी. गाड्यांत तेव्हा जेवणाचे डबे नव्हते. यांपैकी एकीच्या लेकीने पुढे सांगितले की आईने हे घर टंगड्या विकून उभे केले. सायकी विल्यम्स-फोर्सन या अभ्यासक बाईंनी २००६ साली कृष्णवर्णीय स्त्रिया आणि कोंबडी यांच्या नात्यावर ग्रंथ लिहिला, त्याचे शीर्षकच ‘कोंबडीच्या टंगड्यांतून घरे बांधताना’ अशा अर्थाचे आहे.

त्यांनी रांधले, पण बसायचे नाही

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांकडे निघाले आणि आपली भट्टी सोबत घेऊन गेले. टेनेसीतून कॅन्सस सिटीला आलेल्या हेन्री पेरी यांनी १९०८ च्या सुमारास धुरवलेले मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायला सुरुवात केली. त्या शहराची आजची बार्बेक्यूची सगळी ख्याती त्यांच्या भट्टीपासून सुरू होते.

दक्षिणेत चित्र वेगळे होते. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात ‘ऑलीज बार्बेक्यू’ नावाचे २२० आसनांचे हॉटेल होते. तिथे ३६ माणसे काम करत, त्यांतली दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. म्हणजे भट्टीपाशी, स्वयंपाकघरात, वाढण्यात त्यांचेच हात. पण १९२७ साली हॉटेल उघडले तेव्हापासून कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत टेबलाशी बसू दिले जात नसे. त्याने पुडीत बांधून घ्यायचे आणि चालू लागायचे.

१९६४ च्या जुलैत नागरी हक्क कायदा आला आणि हॉटेलांतला हा भेदभाव बेकायदा ठरला. हॉटेलमालक कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे, आमचे घरगुती हॉटेल आहे, दिल्लीच्या सरकारने गल्लीत लुडबुड करावी तशी वॉशिंग्टनने यात पडू नये. अमेरिकेच्या केंद्र सरकारला राज्याराज्यांतल्या व्यापारावर कायदा करायचा अधिकार आहे. तेव्हा प्रश्न असा आला की या हॉटेलचा त्या व्यापाराशी संबंध काय? उत्तर मांसात सापडले. हॉटेलने आधीच्या वर्षभरात सुमारे दीड लाख डॉलरचा माल घेतला होता. त्यातले ४६ टक्के, म्हणजे ६९,६८३ डॉलरचे मांस, अशा व्यापाऱ्याकडून घेतले होते जो ते परराज्यातून आणत होता. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की हॉटेलला कायदा लागू आहे. ज्या मांसाला कृष्णवर्णीय हात धुरवत होते, त्याच मांसाच्या खरेदीच्या पावत्यांनी त्यांना आत बसायचा हक्क मिळवून दिला.

साउथ कॅरोलिनातल्या ‘पिगी पार्क’ या बार्बेक्यू हॉटेलांच्या मालकाने तर पुढची पायरी गाठली. वंशांची सरमिसळ आपल्या धर्मश्रद्धेच्या विरोधात आहे, असा दावा त्याने केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली हा बचाव पोकळ ठरवून तक्रारदार अ‍ॅन न्यूमन यांच्या बाजूने निकाल दिला. भेदभावाला धर्माचा आधार शोधणारे सगळ्याच देशांत असतात, आणि कुठलाही धर्म त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही.

मराठी वाचकाला यात काही नवे वाटणार नाही. ऑलीज बार्बेक्यू उघडले त्याच १९२७ साली, २० मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. शेतातले धान्य पिकवायला, लग्नाची लाकडे फोडायला ज्यांचे हात चालत, त्यांचा स्पर्श पाण्याला आणि पंगतीला चालत नव्हता. या दोन लढ्यांना एकमेकांची ओळखही होती. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

‘सोपे’ कसे झाले

आता भाच्याच्या त्या सोप्या जेवणाकडे वळू. ते तीन गोष्टींनी सोपे झाले: स्वस्त कोंबडी, तयार कोळसा आणि बटणाची भट्टी.

कोंबडीपासून सुरू करू. डेलावेअर राज्यातल्या सेसिल स्टील या गृहिणीने १९२३ साली ५० पिल्ले मागवली, चुकून ५०० आली. परत न पाठवता तिने ती मांसासाठी वाढवली आणि चांगल्या भावाने विकली. तीन वर्षांत तिच्याकडे दहा हजार पक्ष्यांची सोय झाली. मांसासाठी कोंबडी पाळण्याच्या उद्योगाची सुरुवात इथून मानतात. आपण बाजारात सर्रास म्हणतो तो ‘ब्रॉयलर’ हा शब्दही मुळात थेट आचेवर भाजण्याजोग्या कोवळ्या कोंबडीसाठी होता. १९४८ साली ‘उद्याची कोंबडी’ नावाची राष्ट्रीय स्पर्धा होऊन जास्त मांसल जाती निवडल्या गेल्या. १९२५ साली अमेरिकेत सव्वा किलोच्या आतबाहेरचा पक्षी तयार व्हायला ११२ दिवस लागत. आज सुमारे ४७ दिवसांत तो जवळपास तीन किलोचा होतो.

एवढ्या कोंबड्या खपवायच्या कशा? कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट बेकर यांनी १९५० च्या सुमारास कोंबडी अंगणात भाजायची कृती शेतकऱ्यांसाठी पुस्तिकेतून पसरवली. मसाल्याचे पाणी तेल, व्हिनेगर, अंडे आणि मीठ यांचे. त्याआधीच, १९२५ पासून, अलाबामातल्या डिकेटर गावी बॉब गिब्सन नावाचा रेल्वे कामगार धुरवलेली कोंबडी मेयोनीज-व्हिनेगरच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून विकत होता.

कोळशाचे श्रेय मोटारींना जाते. हेन्री फोर्डच्या मोटारींत लाकडी भाग असत. त्यांच्या उरलेल्या ढलप्यांचा कोळसा करून, दाबून, विटकुरी बनवायचा कारखाना १९२० च्या दशकात मिशिगनमध्ये निघाला. १९५२ साली शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन या कामगाराने समुद्रात तरंगणाऱ्या बोयाचा गोल पत्रा कापून झाकणाची भट्टी केली. १९८० च्या दशकात ऑरेगनच्या जो ट्रेगर यांनी लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी भट्टी आणली. तिच्यात मळसूत्र फिरते आणि गोळ्या आपोआप आगीत पडत राहतात. वेस्ली जोन्स रात्रभर जागून करत ते आच राखण्याचे काम आता पंखा आणि तापमापक करतात.

टंगडी या यंत्राला अगदी सोयीची. अख्ख्या डुकराला बारा तास लागतात, टंगडीला १३५ ते १५० अंश सेल्सिअसला दीड तासाच्या आसपास. कोंबडी ७४ अंशाला खाण्यास सुरक्षित होते, पण टंगडीतले चिवट तंतू विरघळून मांस हाडापासून सुटायला हवे तर आतले तापमान ८० ते ८५ पर्यंत जाऊ द्यावे. छातीचे मांस एवढ्या आचेवर कोरडे पडते, टंगडी रसाळ होते. हाडाजवळ किंवा सालीखाली गुलाबी दिसले तर लगेच घाबरू नये. कोवळ्या पक्ष्याच्या मज्जेमुळे आणि धुरातल्या वायूमुळेही तो रंग येतो. खात्री तापमापकानेच करावी.

आणि टंगडी तिकडे स्वस्तही. अमेरिकन माणसाला छातीचे पांढरे मांस आवडते, पाय उरतात. १९९० नंतर हे उरलेले पाय जहाजे भरभरून रशियात गेले. रशियन लोक त्यांना ‘बुशचे पाय’ म्हणत. भारतानेही बर्ड फ्लूचे कारण देऊन अमेरिकी कोंबडी रोखली होती. त्यावर अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१५ साली भारत हरला. आपल्याकडच्या कुक्कुटपालकांची धास्ती खरी होती. ज्या लेग पीससाठी आपल्या घरांत भावंडांची भांडणे होतात, तो तिकडे उरलासुरला माल आहे.

नाव कुणाचे राहिले

काम सोपे झाले याची मला तक्रार नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दीड तासात गरम जेवण मिळत असेल तर त्याहून चांगले काय? पण काम सोपे होताना एक गोष्ट निसटली. विटकुरीला कारखान्याचे नाव आहे, भट्टीला कंपनीचे, पुस्तिकेला विद्यापीठाचे. चारशे वर्षे आच राखणाऱ्यांपैकी मात्र फार थोड्यांची नावे उरली. टीव्हीवरच्या बार्बेक्यू कार्यक्रमांत आणि सन्मानांच्या यादीत दीर्घकाळ गोरे चेहरेच दिसत. एड्रियन मिलर यांनी २०२१ साली ‘ब्लॅक स्मोक’ हे पुस्तक लिहून हा हिशेब मांडला. साउथ कॅरोलिनाच्या रॉडनी स्कॉट यांना २०१८ साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, तेव्हा लाकडाच्या निखाऱ्यावर अख्खे डुक्कर भाजणाऱ्या एका कृष्णवर्णीय उस्तादाची देशाने दखल घेतली. एवढ्या मोठ्या कर्जाचा हा एक छोटा हप्ता.

भाच्याला मी हे सगळे लिहून पाठवले. त्याचे उत्तर आले, “मामू, पुढच्या वेळी मशीनवाल्याच्या आधी वेस्ली जोन्सचं नाव घेईन. आणि मसाल्यात धणे टाकून बघतो.”

मी खूश होऊन अम्मीला ते वाचून दाखवले. मग सहज विचारले, “अम्मी, तुझ्या लग्नात देग कुणी शिजवली होती?”

ती बराच वेळ आठवत राहिली. देगा किती होत्या ते तिला आठवले. पहाटे लाकूड ओले निघाले आणि धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले, ते आठवले. कोर्मा कसा झाला होता तेही आठवले.

“बावर्ची शेजारच्या गावचे होते,” ती म्हणाली. “दोन रात्री झोपले नव्हते बिचारे. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. नाव काय होतं, ते कुणी विचारलंच नाही.”